उलटा तोतया : फ्रिट्झ क्राइस्लर आणि त्याचे टीकाकार

कलाकृतीखाली सही कोणाची आहे हे ठाऊक नसताना तिच्याविषयी मत द्यावयाची वेळ आली, तर आपल्यापैकी किती जणांस ते निःशंकपणे देता येईल? साहित्याच्या अध्यापकास हा प्रश्न अपरिचित नाही. परंतु इ. स. १९३५ मध्ये पाश्चात्त्य संगीताच्या क्षेत्रात त्याची जशी कसोटी लागली, तशी ती साहित्याच्या इतिहासातही क्वचितच लागली असेल. ज्याच्यामुळे ती लागली तो फ्रिट्झ क्राइस्लर हा व्हिएन्नाचा व्हायोलिनवादक. युरोप-अमेरिकेत अर्धशतक गावोगाव मैफली करीत हिंडलेला आणि आपल्या काळातील बहुधा सर्वांत लोकप्रिय असलेला हा कलावंत होता. त्याचे चरित्र आणि त्याच्यावर झालेली टीका यांची ओळख करून देणे हा या लेखाचा हेतू आहे. व्हायोलिनच्या तंत्राशी परिचय नसलेल्या वाचकानेही बिचकू नये. वादाचा गाभा तंत्राचा नाही.

प्रथम ती घटना सांगितली पाहिजे. 'न्यूयॉर्क टाइम्स' या दैनिकाचे संगीतसमीक्षक ऑलिन डाउन्स हे एक सप्रयोग व्याख्यान देण्याच्या तयारीत होते. प्रयोगासाठी व्हायोलिन वाजविणार होता यहुदी मेन्युहिन, तेव्हा अवघा अठरा वर्षांचा. कार्यक्रमात गाएतानो पुन्यानी या अठराव्या शतकातील इटालियन रचनाकाराचे 'प्रेल्यूडियम आणि आलेग्रो' होते. ही रचना क्राइस्लरने जुन्या हस्तलिखितावरून व्हायोलिन-पियानोसाठी मांडली, असे छापील प्रतीवर होते आणि जगभरचे वादक ती पुन्यानीची म्हणूनच वाजवीत होते. डाउन्स यांना वाटले, मूळ पाठाशी क्राइस्लरची मांडणी ताडून पाहावी. कोणाही दक्ष अध्यापकाने हेच केले असते. मूळ प्रत ग्रंथालयात सापडेना, म्हणून त्यांनी क्राइस्लरकडेच विचारणा केली. तो तेव्हा युरोपात होता. तारेने उत्तर आले, की मूळ प्रत अशी काही नाहीच. ती रचना त्याची स्वतःची होती. एवढेच नव्हे, तर कूपरँ, मार्तिनी, फ्रान्केर, पोर्पोरा, डिटर्सडोर्फ, कार्तिये, विव्हाल्डी इत्यादी नावांखाली त्याने प्रसिद्ध केलेल्या त्या मालेतील रचनाही त्याच्याच होत्या. अपवाद फक्त कूपरँच्या नावावरील 'शान्सों लुई तेरावा' हिच्या आरंभीच्या आठ मात्राखंडांचा. तेवढे एका पारंपरिक चालीवरून घेतले होते. ८ फेब्रुवारी १९३५ च्या अंकात ही वार्ता छापली गेली आणि दोन्ही खंडांतील संगीतजगतात खळबळ उडाली.

हा मनुष्य कोण होता?

त्याचा जन्म २ फेब्रुवारी १८७५ रोजी व्हिएन्नात झाला. वडील डॉक्टर होते व हौसेने व्हायोलिन वाजवीत. सातव्या वर्षी मुलाला व्हिएन्नाच्या संगीतविद्यालयात प्रवेश मिळाला. तेथे धाकटा हेल्मेसबेर्गर त्याचा व्हायोलिनचा गुरू, तर संगीतशास्त्र शिकवावयास प्रत्यक्ष आन्टोन ब्रूकनर. दहाव्या वर्षी सुवर्णपदक. नंतर पॅरिस, आणि तेथेही बाराव्या वर्षी प्रथम पारितोषिक. यापुढे आयुष्यात त्याने कोणाकडे व्हायोलिनचा एकही पाठ घेतला नाही. १८८८ च्या अखेरीस मोरिट्स रोझेनथाल या पियानोवादकाबरोबर तो अमेरिकेच्या दौऱ्यावर गेला. लोक रोझेनथालला ऐकावयास येत. मुलाची वाखाणणी बेताचीच झाली.

नंतर जे घडले ते बालकलावंतांच्या चरित्रात सहसा घडत नाही. परत आल्यावर त्याने व्हायोलिन बाजूस ठेवले, वैद्यकाचा अभ्यास आरंभिला, लष्करी शिक्षण घेतले. पुन्हा वाद्याकडे वळला तेव्हा व्हिएन्नाच्या दरबारी ऑपेराच्या वाद्यवृंदात जागेसाठी त्याने अर्ज केला आणि तो नाकारला गेला. अपरिचित स्वरलिपी समोर ठेवताच वाजविण्यात तो कच्चा, असे कारण सांगितल्याचे म्हणतात. ज्याला वाद्यवृंदात मागल्या रांगेतही जागा नव्हती, त्यानेच १८९८ मध्ये हान्स रिक्टरच्या हाताखाली व्हिएन्नात आणि १८९९ मध्ये आर्थर निकिशच्या हाताखाली बर्लिनमध्ये एकलवादक म्हणून उभे राहून श्रोत्यांना जिंकले. १९०२ मध्ये लंडन, १९०४ मध्ये तेथील रॉयल फिलहार्मोनिक संस्थेचे सुवर्णपदक. आणि १० नोव्हेंबर १९१० रोजी लंडनच्या क्वीन्स हॉलमध्ये एडवर्ड एल्गारच्या व्हायोलिन कन्चेर्तोचे पहिले वादन, स्वतः एल्गारच्या संचालनाखाली. हा कन्चेर्तो एल्गारने क्राइस्लरलाच अर्पण केला आहे. पुढे १९२३ मध्ये बेल्जियमच्या इझाई या थोर वादकाने एकट्या व्हायोलिनसाठी सहा सोनाता लिहिले, त्यांतील चौथा क्राइस्लरच्या नावे आहे. समव्यवसायिकांचा मत्सर प्रसिद्ध असलेल्या या क्षेत्रात एवढा आदर थोड्यांच्या वाट्याला आला.

त्याच्या वादनात असे काय होते? जुन्या तबकड्यांवरून घेतलेली त्याची मुद्रिते आज सहज ऐकावयास मिळतात. जिज्ञासूंनी लिओ ब्लेखबरोबरचा १९२६ मधील बीथोव्हेनचा कन्चेर्तो किंवा राख्मानिनोव्हबरोबर १९२८ मध्ये मुद्रित केलेले सोनाता अवश्य ऐकावेत. पहिली गोष्ट कानी येते ती स्वराची ऊब. डाव्या हाताचे बोट तारेवर टेकवून किंचित हलवीत राहिले म्हणजे स्वरास एक सूक्ष्म कंप येतो. त्यास तिकडे व्हिब्रातो म्हणतात. योआखिमच्या पिढीपर्यंत हा कंप अलंकारासारखा, जपून वापरण्याची रीत होती. क्राइस्लरने तो जवळजवळ प्रत्येक स्वरास दिला, द्रुत लयीतील स्वरांसही. कार्ल फ्लेश या नामांकित व्हायोलिनशिक्षकाने, जो क्राइस्लरचा समकालीन व व्हिएन्ना-पॅरिसचाच विद्यार्थी होता, या एका गोष्टीत आधुनिक व्हायोलिनवादनाचा आरंभ पाहिला. (आपल्याकडील आंदोलनाशी याची गल्लत होऊ नये. आंदोलन हे विशिष्ट रागातील विशिष्ट स्वराचे लक्षण असते. व्हिब्रातो ही सरसकट नादाची प्रकृती.) दुसरे वैशिष्ट्य लयीचे. व्हिएन्नाच्या वॉल्ट्झमध्ये दुसरा ठोका किंचित आधी पडतो व तिसरा रेंगाळतो. हा झोका क्राइस्लरच्या गजातच होता. त्याने रियाज फारसा केला नाही आणि ते तो अभिमानाने सांगे. उतारवयात स्वरांची शुद्धता कधी ढळे. तरीही समीक्षकांनी हाइफेट्झला अचूकपणासाठी नावाजले आणि क्राइस्लरला जिव्हाळ्यासाठी. ही विभागणी इतकी रूढ झाली की तिच्याविरुद्ध कोणी सहसा कान उघडे ठेवून ऐकलेच नाही. हाइफेट्झमध्ये भावना होती व क्राइस्लरमध्ये शिस्त, हे दोघांच्याही ध्वनिमुद्रिका सांगतात.

आता त्या उसन्या नावांकडे वळू. विसाव्या शतकाच्या आरंभी एकल व्हायोलिनवादकापुढे एक व्यावहारिक अडचण होती. वाद्यवृंदाबरोबर वाजवावयाचे मोठे कन्चेर्तो पुष्कळ; परंतु गावोगावी केवळ पियानोच्या साथीने जी मैफल करावयाची, तिच्यासाठी छोट्या व सरस रचना थोड्या. तरुण क्राइस्लरने त्या स्वतः लिहिल्या. पण कार्यक्रमपत्रिकेवर आपलेच नाव पुन्हा पुन्हा छापणे त्यास अप्रशस्त वाटले. शिवाय दुसरे एक कारण त्याने नंतर सांगितले, जे मला अधिक खरे वाटते : प्रतिस्पर्धी वादकाच्या नावाची रचना दुसरा वादक वाजवीत नाही. पुन्यानी कोणाचाच प्रतिस्पर्धी नव्हता. तो १७९८ मध्येच वारला होता. मग दक्षिण फ्रान्समधील एका मठात जुनी हस्तलिखिते सापडल्याची कथा प्रसृत झाली आणि १९१० च्या सुमारास जर्मनीतील शॉट या प्रकाशनसंस्थेने 'अभिजात हस्तलिखिते' या मालेत ती छापली.

येथे एक गंमत नमूद केली पाहिजे. त्या छापील प्रतींवरच अशी टीप होती, की ही हस्तलिखिते क्राइस्लर यांच्या खासगी मालकीची असून त्यांवर इतक्या मोकळेपणाने संस्कार केला आहे की या वस्तुतः मूळ कृतीच होत. ज्यास वाचावयाचे होते त्याने ते वाचले असते. दुसरी खूण याहूनही मोठी होती. 'लीबेस्लाइड', 'लीबेस्फ्रॉइड' व 'शोन रोझमारीन' हे तीन नाच त्याने प्रथम योसेफ लानर या वॉल्ट्झकाराच्या नावावर वाजविले होते. बर्लिनच्या एका टीकाकाराने लिहिले, की लानरच्या या रत्नांशेजारी क्राइस्लरने आपली 'कॅप्रिस व्हिएन्वा' ठेवावी हे औचित्यास सोडून आहे. त्यावर क्राइस्लरने कळविले की ती रत्नेही आपलीच होत. ही हकिगत १९१० च्या आसपासची. म्हणजे सत्य बाहेर येण्यापूर्वी पंचवीस वर्षे हा मनुष्य असे करतो हे जाहीर झालेले होते, आणि तरीही लानरवरून पुन्यानीकडे संशयाने पाहावयाचे कोणास सुचले नाही. काही वादकमित्रांना मात्र गुपित ठाऊक होते. ते गालात हसत वाजवीत राहिले.

पुन्यानीविषयी तर संशयास जागाही होती. पुन्यानीचा काळ १७३१ ते १७९८. त्याच्या पिढीचे संगीत हलके, डौलदार, दरबारी नजाकतीचे आहे. 'प्रेल्यूडियम आणि आलेग्रो'चा आरंभ मात्र भारदस्त, लांब टाकलेल्या स्वरांच्या उड्यांनी होतो. त्यात पुन्यानीच्या आधीच्या पिढीचा थाट आहे आणि शेवटी एक स्वर धरून त्याभोवती गज नाचविण्याची जी करामत आहे ती एकोणिसाव्या शतकातील मैफलीच्या व्यासपीठाची. एकाच रचनेत पुन्यानीच्या आधीचे व नंतरचे सारे आहे. पुन्यानीच तेवढा नाही. विव्हाल्डीची गोष्ट वेगळी. त्याची हस्तलिखिते १९२६ नंतर पीडमाँटमधून बाहेर येऊन तुरिनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात गेली. त्यापूर्वी विव्हाल्डीचा नेमका आवाज कसा हे छातीठोकपणे सांगणारे फारच थोडे होते. अज्ञात कवीच्या नावावर कविता खपविणे सोपे असते.

मध्यंतरी पहिल्या महायुद्धात क्राइस्लरला स्वतःच्या नावाचाही अनुभव आला. १९१४ मध्ये ऑस्ट्रियन सैन्यातील अधिकारी म्हणून तो आघाडीवर गेला, लेंबर्गनजीक जखमी झाला आणि सेवामुक्त होऊन पत्नीच्या देशी, अमेरिकेस, परतला. खंदकातील त्या चार आठवड्यांवर १९१५ मध्ये त्याने एक छोटे पुस्तक लिहिले. त्याच वर्षी एफ्रेम झिंबालिस्ट या रशियन वादकाबरोबर त्याने बाखचा दोन व्हायोलिनांचा कन्चेर्तो मुद्रित केला. शत्रुराष्ट्रांचे दोन प्रजाजन एकाच तबकडीवर होते आणि कोणास त्याचे वावडे नव्हते. पण १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरली आणि तीच बोटे, तोच गज शत्रूचा ठरला. पिट्सबर्गमध्ये त्याच्या मैफलीस बंदी झाली. ऑस्ट्रियात तो पैसे पाठवितो असा ओरडा झाला. वृद्ध पित्यास व अनाथ मुलांसाठी पाठवितो, असे त्याने निवेदन दिले आणि युद्ध संपेपर्यंत जाहीर वादन थांबविले. ऑक्टोबर १९१९ मध्ये कार्नेगी हॉलमध्ये तो परत उभा राहिला. त्यानंतर काही आठवड्यांनी इथाका येथे विरोधकांनी विजेच्या तारा तोडून सभागृह अंधारात बुडविले. तो अंधारातच वाजवीत राहिला. त्या अंधारात बसलेल्या श्रोत्यांना तरी काही काळ ऑस्ट्रियन दिसला नसेल, केवळ व्हायोलिन ऐकू आले असेल.

१९२४ पासून त्याचे घर बर्लिनमध्ये होते. दौरे चालूच होते. १९२३ मध्ये तो चीन-जपानपर्यंत जाऊन आला होता. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले. फुर्टव्हेंग्लरने त्यास वादनाचे निमंत्रण दिले तेव्हा, ज्या देशात वंशावरून कलावंतांस दूर केले जाते तेथे आपण वाजविणार नाही, असे कळवून त्याने नकार दिला. त्याचे स्वतःचे पितृकुल ज्यू होते. उसन्या नावांवरून त्याच्या सचोटीविषयी प्रश्न काढणाऱ्यांनी हा नकारही त्याच खात्यात जमेस धरावा.

तर १९३५. अमेरिकेतील प्रतिक्रिया बव्हंशी हसण्यावारी नेण्याची होती. लंडनमध्ये मात्र 'संडे टाइम्स'चे अर्नेस्ट न्यूमन यांनी प्रकरण गंभीरपणे घेतले. न्यूमन हे इंग्लंडमधील त्या काळचे सर्वांत विद्वान संगीतसमीक्षक, वाग्नरचे चरित्रकार. त्यांचे म्हणणे दुपदरी होते. एक तर समीक्षक फसले यात त्यांची नाचक्की नाही, कारण सतराव्या-अठराव्या शतकातील बरेचसे संगीत ठराविक साच्यांचे होते आणि कोणीही कुशल मनुष्य त्या साच्यातून नवी मूर्ती काढू शकतो. दुसरे म्हणजे असे करणे नीतीस धरून नाही. क्राइस्लरने पत्राने उत्तर दिले. न्यूमन यांनी प्रत्युत्तर दिले. वाद काही आठवडे रंगला. क्राइस्लरचा बचाव थोडक्यात असा, की ज्या जुन्या नावांमुळे आपण लोकांना भुलविले म्हणता ती नावे त्यांपैकी कितीकांना आधी ठाऊक होती? लोकांना रचना आवडल्या. नाव बदलले म्हणून त्यांचा गुण बदलत नाही.

या वादात कोण बरोबर? माझ्या मते न्यूमन यांचे पहिले म्हणणे लंगडे आहे आणि दुसरे भक्कम. साच्यातून कोणीही मूर्ती काढू शकतो हे खरे असते, तर तीस वर्षे शेकडो वादकांनी याच मूर्ती का पूजिल्या? 'कोणीही' ने काढलेल्या इतर मूर्ती कोठे आहेत? शिवाय सारेच साच्याचे असेल, तर खऱ्या पुन्यानीची थोरवी तरी समीक्षकांनी कशावरून गायिली होती? परंतु नीतीचा मुद्दा इतक्या सहज उडविता येत नाही, आणि तो नीतीपेक्षाही पुराव्याचा आहे. आपल्याकडे ताम्रपटांचे वाचन करणाऱ्या संशोधकांना बनावट ताम्रपट चांगले परिचित असतात. त्यातील संस्कृत कधी कधी खऱ्या पटाहून सरस असते. म्हणून तो राजाच्या दानाचा पुरावा होत नाही. विव्हाल्डीच्या शैलीचा अभ्यास करणारा विद्यार्थी क्राइस्लरची रचना समोर ठेवून निष्कर्ष काढील, तर ते निष्कर्ष सुंदर असूनही खोटे असतील. रसिक म्हणून मी क्राइस्लरच्या बाजूस आहे. इतिहासाचा शिक्षक म्हणून न्यूमनच्या.

मराठी वाचकास या प्रकरणात परके असे फारसे काही वाटू नये. तुकोबांच्या गाथेत 'तुका म्हणे' ही मुद्रा घेऊन शिरलेले अभंग कोणते, यावर अभ्यासकांच्या पिढ्या खर्ची पडल्या आहेत. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली तीही अशा मिसळीमुळेच, आणि पुढे कोणी तीत आपली ओवी घालू नये असे त्यांना बजावून ठेवावे लागले. ख्यालगायनात सदारंगाची मुद्रा असलेल्या सर्वच चिजा नियामत खाँच्या नव्हेत, हे आमचे गवयीही मान्य करतात. अज्ञात भक्ताने वा गायकाने स्वतःचे कवित्व थोराच्या पायी वाहिले, तर त्यात फसवणुकीपेक्षा समर्पण अधिक असते. क्राइस्लरमध्ये समर्पण नव्हते, सोय होती; आणि प्रत विकली गेली की पैसे पुन्यानीस नव्हे, त्यालाच मिळत.

याहून जवळचे उदाहरण पं. विष्णु नारायण भातखंडे यांचे आहे, आणि काळही नेमका तोच. १९१० च्या सुमारास त्यांनी 'श्रीमल्लक्ष्यसंगीतम्' हा संस्कृत ग्रंथ 'चतुर पंडित' या नावाने प्रसिद्ध केला, आणि आपल्या मराठी 'हिंदुस्थानी संगीतपद्धती'त याच चतुर पंडिताचे श्लोक आधार म्हणून दिले. संवादरूपाने लिहिलेल्या त्या ग्रंथात गुरू शिष्यास लक्ष्यसंगीतातील वचन ऐकवितो व शिष्य समाधान पावतो, तेव्हा दोन्हींचा लेखक एकच आहे हे ध्यानी घेतले म्हणजे मौज वाटते. भातखंड्यांचा हेतू फसविण्याचा होता असे कोणी म्हणणार नाही. टोपणनाव ही आपल्या वाङ्मयातील मान्य रीत आहे. परंतु ज्या समाजात संस्कृत श्लोकावाचून नियमास वजन येत नाही तेथे वजन कसे आणावे, हे त्यांनी ओळखले होते. ज्या श्रोत्यांत मृत नावावाचून रचनेस वजन येत नाही त्यांच्यापुढे क्राइस्लरने तेच केले. फरक असा की चतुर पंडित नावाचा कोणी इतिहासात नव्हता, त्यामुळे कोणाच्या हक्कावर अतिक्रमण झाले नाही. पुन्यानी मात्र होऊन गेला होता.

तोतया म्हटले की आपल्यास पानिपतानंतरचे भाऊसाहेबांचे प्रकरण आठवते. तोतया दुसऱ्याचे नाव घेतो ते दुसऱ्याची दौलत मिळविण्यासाठी. क्राइस्लर हा उलट्या चालीचा तोतया. त्याने आपली दौलत दुसऱ्यांच्या नावे मांडली, आणि हिशेब विचारला गेला तेव्हा विनातक्रार कबूल केले. डाउन्स यांना त्याला सहज टाळता आले असते. मठातील आगीत हस्तलिखिते जळाली, एवढे म्हटले असते तर कोण तपासावयास जाणार होते?

अध्यापकांच्या दृष्टीने या प्रकरणाचे महत्त्व समीक्षकांच्या बाजूस अधिक आहे. न्यूयॉर्कच्या त्या तारेच्या सहा वर्षे आधी, १९२९ मध्ये, केंब्रिजच्या आय. ए. रिचर्ड्स यांचे 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम' प्रसिद्ध झाले होते. त्यांनी कवींची नावे काढून टाकून तेरा कविता विद्यार्थ्यांना वाचावयास दिल्या व लेखी अभिप्राय मागविले. चांगल्या शिकलेल्या त्या तरुणांनी थोर कवींस झिडकारले आणि सामान्यांस डोक्यावर घेतले. रिचर्ड्स यांचा प्रयोग वर्गात झाला. क्राइस्लरचा, नकळत, जगाच्या सभागृहात. मात्र दोहोंत एक भेद आहे आणि तो महत्त्वाचा वाटतो. रिचर्ड्स यांनी नाव काढून घेतले. क्राइस्लरने चुकीचे दिले. नाव नसले तर वाचक गोंधळतो. चुकीचे नाव असले तर तो गोंधळतही नाही. त्यास जे ऐकावयाचे असते ते नीट ऐकू येते. 'पुन्यानी' असे छापलेले पाहून श्रोत्यांनी त्या सुरांत अठराव्या शतकाचा दरवळ घेतला. तो दरवळ छापील अक्षरांचा होता. आमच्या वर्गांतून कवितेचा तास कवीच्या जन्मगावापासून सुरू होतो. अनामिक कविता फळ्यावर लिहून मुलांस विचारण्याचा परिपाठ मी काही वर्षे ठेवला आहे. पहिल्या दिवशी वर्ग गप्प बसतो, आणि एखादा विद्यार्थी हात वर करून विचारतो तो प्रश्न नेमका एकच असतो : कवी कोण?

कबुलीनंतर रचनांचे काय झाले? वादकांनी त्या सोडल्या नाहीत. क्राइस्लरच्या दौऱ्यांनाही ओहोटी लागली नाही. १९३८ मध्ये ऑस्ट्रिया जर्मनीत विलीन केला गेला तेव्हा त्याने फ्रेंच नागरिकत्व घेतले, १९३९ मध्ये अमेरिकेस गेला व १९४३ मध्ये तेथील नागरिक झाला. १९४१ मध्ये न्यूयॉर्कच्या रस्त्यावर ट्रकच्या धक्क्याने कवटीस इजा झाली, तरी वर्षभरात तो पुन्हा व्यासपीठावर आला. कार्नेगी हॉलमधील त्याची अखेरची मैफल १ नोव्हेंबर १९४७ ची. २९ जानेवारी १९६२ रोजी तो वारला. त्याचे एक गुआर्नेरी व्हायोलिन वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयात आहे.

बदलला तो दर्जा. जी रचना पुन्यानीची असताना अभिजात वारशाचा भाग म्हणून गणली जाई, ती क्राइस्लरची ठरताच टीकाकारांच्या लेखी मैफलीच्या अखेरीस द्यावयाचा गोड घास झाली. एकही स्वर इकडचा तिकडे झाला नव्हता. न्यूमन व क्राइस्लर यांच्या साऱ्या पत्रव्यवहारापेक्षा ही एक गोष्ट मला अधिक बोलकी वाटते.

आणि शहाणपण आले असेही नाही. ज्या मेन्युहिनच्या कार्यक्रमामुळे हे उघडकीस आले, त्याच मेन्युहिनने १९३४ मध्ये मोझार्टचा म्हणून नव्याने प्रसिद्ध झालेला 'अडेलेड' कन्चेर्तो मुद्रित केला होता. तो आपण लिहिला असे मारियुस काझादेस्यू यांनी १९७७ मध्ये न्यायालयीन तंट्याच्या ओघात कबूल केले. चित्रपटांतून व समारंभांतून सतत कानी पडणारा 'आल्बिनोनीचा अडाजिओ' हा रेमो जाझोत्तो या विसाव्या शतकातील अभ्यासकाने १९५८ मध्ये प्रसिद्ध केलेला आहे, आणि अजूनही तो आल्बिनोनीच्याच नावाने ओळखला जातो.

'प्रेल्यूडियम आणि आलेग्रो' आज जगभरचे व्हायोलिनचे विद्यार्थी शिकतात. छापील प्रतीवर आता क्राइस्लरचे नाव असते आणि त्याखाली कंसात 'पुन्यानीच्या शैलीत' असे शब्द असतात. तुरिनचा तो पुन्यानी, व्हिओत्तीसारख्या वादकाचा गुरू, स्वतः पुष्कळ लिहून गेला; त्याची खरी रचना मैफलीत क्वचितच वाजते. जे कोणी त्याचे नाव जाणतात, त्यांतील बहुतेक ते त्या कंसातूनच जाणतात.